चार्ल्स पूल: दंतकथेतला आणि दगडातला

प्रागच्या चार्ल्स पुलाची सर्वांत लाडकी कथा अंड्यांची. चुन्यात अंडी कालवली, म्हणून पूल सहाशे वर्षं अभंग राहिला म्हणे. अंडी होती की नव्हती, यावर रासायनिक तपासण्यांचंही एकमत नाही. पण पूल उभा आहे तो त्याच्या १६ कमानींच्या बळावर. वरचा भार कमानीतल्या दगडांना एकमेकांवर घट्ट दाबतो आणि खांबांवाटे खाली उतरतो. बाहेरून घडीव वालुकाश्म, आत दगड-चुन्याचा भराव, अशी ही बांधणी आहे.

आणि ‘अभंग’ हेही खरं नाही. सप्टेंबर १८९० च्या महापुरात व्ल्ताव्हा नदीतून वाहून आलेले ओंडके कमानींत अडकले, पाणी तुंबलं, पायाखालचा तळ खरवडला गेला आणि तीन कमानी कोसळल्या. आज आपण ज्या पुलावरून चालतो, त्याचा तो भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. त्याने पुलाची थोरवी कमी होते असं मला मुळीच वाटत नाही. कोसळलेलं पुन्हा उभारणारे कारागीरही या पुलाचेच शिल्पकार आहेत.

पायाभरणीचा मुहूर्त ९ जुलै १३५७, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं, असा छातीठोकपणे सांगितला जातो. वर्ष, तारीख, महिना आणि वेळ ओळीने लिहिली की आकडे १-३-५-७-९-७-५-३-१ असे चढतात, उतरतात. मोहक आहे, पण ही विसाव्या शतकातल्या अभ्यासकांची अटकळ. वर्ष तेवढं पक्कं. ज्याने पायाभरणी केली तो सम्राट चौथा चार्ल्स १३७८ मध्ये वारला. पूल पुरा झाला पंधराव्या शतकाच्या आरंभी, आणि चार्ल्सचं नाव पुलाला अधिकृतपणे मिळालं १८७० मध्ये.

पुलाच्या फोटोंत दिसणारे पुतळेही मध्ययुगीन नव्हेत. नेपोमुकच्या संत जॉनचा पहिला पुतळा १६८३ चा, बहुतेक बाकीचे १७१४ पर्यंतचे. आणि आता त्यांतल्या अनेकांच्या जागी प्रतिकृती आहेत. गोव्यात ज्याचं शव जपलेलं आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरचाही पुतळा इथे आहे. शिल्पकार ब्रोकॉफने तो १७११ मध्ये घडवला. १८९० च्या पुरात तो नदीत पडला. सध्याची प्रतिकृती १९१३ ची आहे.

हा पूल पहिल्यापासून केवळ पायी चालणाऱ्यांचाच, हाही समज चुकीचा. १८८३ पासून त्यावरून घोड्यांची ट्राम धावे, पुढे काही वर्षं विजेची; मोटारी तर १९६५ पर्यंत धावत होत्या.