निर्देशिकेतील नोंद : भर आणि बदल

प्रास्ताविक

एखाद्या मोठ्या कार्यालयात किंवा महाविद्यालयात काम करणारी व्यक्ती सकाळी संगणकापुढे बसते, आपले नाव आणि परवलीचा शब्द टंकित करते व कामाला लागते. ही व्यक्ती कोण आहे आणि कोणती कागदपत्रे पाहण्याची तिला मुभा आहे, हे त्या संगणकाला कसे कळते? अनेक संस्थांमध्ये या प्रश्नाचे उत्तर निर्देशिका सर्व्हर देतो. त्यातील नोंदी कमांड लाइनवरून, म्हणजे पडद्यावर आज्ञेची ओळ टंकित करून, कशा वाढवाव्यात व कशा बदलाव्यात हे या पाठात आपण पाहणार आहोत. तसे करताना एका शब्दाच्या निवडीने केवढा फरक पडतो, हेही आपल्या लक्षात येईल.

निर्देशिका म्हणजे काय?

दूरध्वनीची जाड निर्देशिका अनेकांनी पाहिली असेल. नाव शोधावे आणि त्यापुढील क्रमांक वाचावा, एवढाच तिचा उपयोग. संगणकीय निर्देशिकेचे मूळही दूरसंचार क्षेत्रातच आहे. १९८८ साली ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ते परिपूर्ण असले तरी लहान संगणकांना पेलण्याजोगे नव्हते. म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हलके रूप तयार केले. १९९३ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यालाच ‘एलडॅप’ म्हणतात. त्याची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली. १९९८ मध्ये सुरू झालेला ‘ओपनएलडॅप’ हा सर्वांना मोफत वापरता येणारा सर्व्हर याच परंपरेतला आहे. या पाठातील आज्ञा त्याच्याच आहेत.

निर्देशिकेतील नोंदी वंशवृक्षासारख्या मांडलेल्या असतात. वर संस्था, तिच्या खाली विभाग आणि विभागाखाली व्यक्ती. प्रत्येक नोंदीला एक संपूर्ण नाव असते. त्याला ‘डीएन’ म्हणतात. पत्रावर पत्ता लिहिताना आपण आधी व्यक्तीचे नाव, मग गाव, मग जिल्हा लिहितो. डीएनही तसेच लहानाकडून मोठ्याकडे जाते. दोन नोंदींचे डीएन कधीही सारखे नसते.

नवी नोंद कशी लिहावी?

जमिनीच्या मालकीत बदल झाला की आधी त्याची फेरफार नोंद लिहिली जाते आणि ती प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. निर्देशिकेतही बदल आधी एका साध्या फाइलीत लिहावा आणि मग ती फाइल सर्व्हरकडे पाठवावी, ही चांगली पद्धत होय. अशा फाइलीच्या मांडणीला ‘एलडिफ’ म्हणतात. तिचे नियम २००० साली निश्चित झाले.

समजा, एका संस्थेच्या ग्रंथालयात सुनंदा कदम या नव्या कर्मचारी रुजू झाल्या आहेत. हे नाव अर्थातच उदाहरणापुरते आहे. त्यांची नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येईल. प्रत्यक्षात आज्ञा आणि गुणधर्मांची नावे रोमन लिपीत टंकित करावी लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

डीएन: यूआयडी=सुनंदा,ओयू=लोक,डीसी=संस्था,डीसी=इन
ऑब्जेक्टक्लास: आयनेटऑर्गपर्सन
यूआयडी: सुनंदा
सीएन: सुनंदा कदम
एसएन: कदम

यातील ‘ऑब्जेक्टक्लास’ ही ओळ नोंदीचा प्रकार सांगते. या प्रकारच्या नोंदीत पूर्ण नाव म्हणजे ‘सीएन’ आणि आडनाव म्हणजे ‘एसएन’ असलेच पाहिजे. त्यांपैकी एक जरी गाळले, तरी सर्व्हर नोंद नाकारतो आणि ६५ हा त्रुटिक्रमांक दाखवतो.

फाइल तयार झाली की ‘एलडॅपअ‍ॅड’ ही आज्ञा द्यावयाची. आज्ञेपुढे काही खुणा जोडतात. कॅपिटल ‘डी’पुढे आपण कोणत्या अधिकाराने काम करीत आहोत त्याचे डीएन लिहितात. स्मॉल ‘एफ’पुढे फाइलीचे नाव येते. कॅपिटल ‘डब्ल्यू’ लिहिल्यास परवलीचा शब्द विचारला जातो आणि तो पडद्यावर उमटत नाही. स्मॉल ‘डब्ल्यू’ लिहून परवलीचा शब्द आज्ञेतच देता येतो. पण मग तो आधी दिलेल्या आज्ञांच्या यादीत उघडपणे साठून राहू शकतो. म्हणून ती सवय लावून घेऊ नये. कॅपिटल ‘झेड’ दोनदा लिहिल्यास संगणक आणि सर्व्हर यांतील संभाषण गुप्त राहण्याची खात्री झाल्याशिवाय काम पुढे जात नाही.

मांडणीचे लहान नियम

एलडिफ फाइलीत रिकामी ओळ म्हणजे एका नोंदीचा शेवट. ती चुकून मध्येच सुटली, तर नोंदीचे दोन तुकडे होतात. ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा सोडली, तर ती ओळ आधीच्या ओळीचाच उरलेला भाग मानली जाते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या गोष्टी नवशिक्याला सर्वांत जास्त अडखळवतात.

मराठी वाचकाने आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. निर्देशिकेत देवनागरी नावे साठवता येतात. मात्र एलडिफ फाइलीत ती ‘बेस-६४’ या सांकेतिक रूपात लिहितात आणि गुणधर्माच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम देतात. सर्व्हरकडून नोंद मागवली असता देवनागरी नावाच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसली, तर माहिती बिघडली असे समजू नये. ते नावच असते, फक्त वेगळ्या वेशात. परवलीचा शब्दही असाच दिसतो. परंतु बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे. ते कोणालाही सहज उलगडता येते.

बदल : ‘अ‍ॅड’ आणि ‘रिप्लेस’

असलेली नोंद बदलण्यासाठी ‘एलडॅपमॉडिफाय’ ही आज्ञा आहे. तिच्या फाइलीत बदलाचा प्रकार सांगावा लागतो. ‘अ‍ॅड’ म्हणजे भर घालणे, ‘डिलीट’ म्हणजे काढून टाकणे आणि ‘रिप्लेस’ म्हणजे जुने पूर्ण पुसून नवे लिहिणे. शेवटच्या शब्दाचा हा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

समजा, ग्रंथालयाच्या गटात चाळीस सभासद आहेत. ग्रंथालयाची कागदपत्रे केवळ या गटातील व्यक्तींनाच उघडता येतात. आता सुनंदाबाईंना त्यात घ्यावयाचे आहे. त्यासाठी योग्य फाइल अशी :

डीएन: सीएन=ग्रंथालय,ओयू=गट,डीसी=संस्था,डीसी=इन
चेंजटाइप: मॉडिफाय
अ‍ॅड: मेंबर
मेंबर: यूआयडी=सुनंदा,ओयू=लोक,डीसी=संस्था,डीसी=इन

तिसऱ्या ओळीत ‘अ‍ॅड’च्या जागी ‘रिप्लेस’ लिहिले गेले तर काय होईल? सर्व्हर चाळीसही नावे काढून टाकील आणि गटात एकट्या सुनंदाबाई उरतील. पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसणार नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. त्याने सांगितलेले काम तंतोतंत केलेले असते. चूक उघडकीस येईल ती चाळीस माणसांना आपली कागदपत्रे उघडता येईनाशी झाल्यावर. ‘डिलीट’चेही तसेच आहे. कोणते मूल्य काढावयाचे ते न सांगता केवळ गुणधर्माचे नाव दिले, तर त्याची सर्वच मूल्ये काढण्याची ती आज्ञा ठरते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसते. आज्ञा यशस्वी होणे आणि काम बरोबर होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीची खात्री यंत्र देते. दुसरीची खात्री माणसानेच करून घ्यावयाची असते.

सुरक्षित कामाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी पाहण्याची. बदलापूर्वी ‘एलडॅपसर्च’ या आज्ञेने मूळ नोंद मागवून फाइलीत जपून ठेवावी. झालेला बदल मागे घेण्याची तयार आज्ञा येथे नसते. जपून ठेवलेली जुनी नोंद हीच परतीची वाट होय.

दुसरी पायरी लिहिण्याची. लिहून झाल्यावर फाइल पुन्हा वाचावी आणि प्रत्येक ‘रिप्लेस’ व ‘डिलीट’पाशी क्षणभर थांबावे.

तिसरी पायरी चाचणीची. आज्ञेपुढे स्मॉल ‘एन’ ही खूण दिल्यास काय केले जाईल ते दिसते, पण निर्देशिकेत बदल होत नाही. या चाचणीत फाइलीची मांडणी कळते. सर्व्हर ती नोंद स्वीकारील की नाही, ते मात्र कळत नाही.

चौथी पायरी पडताळणीची. बदल झाल्यावर नोंद पुन्हा मागवून डोळ्यांखालून घालावी.

फाइलीत अनेक नोंदी असतील, तर आणखी एक बाब लक्षात ठेवावी. एका नोंदीवर एकाच वेळी मागितलेले बदल सर्व होतात किंवा एकही होत नाही. संपूर्ण फाइलीला मात्र हा नियम लागू नाही. विसाव्या नोंदीत त्रुटी आली तर काम तेथे थांबते आणि आधीच्या एकोणीस नोंदी तशाच राहतात. तीच फाइल पुन्हा पाठवली, तर पहिल्याच नोंदीला ६८ हा क्रमांक येतो. त्याचा अर्थ ‘ही नोंद आधीच आहे’. अशा वेळी झालेल्या नोंदी फाइलीतून वगळून उरलेल्याच पाठवाव्यात.

समारोप

निर्देशिकेतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. त्याची नोंद राहून गेली तर त्याचे काम अडते. नोकरी सोडून गेलेल्याची नोंद तशीच राहिली तर संस्थेचे दार उघडे राहते. एका चुकीच्या शब्दाने अनेकांचे हक्क जातात. कमांड लाइन आपल्या मनातला हेतू ओळखत नाही. ती केवळ लिहिलेले वाचते. म्हणून आधी पाहावे, मग लिहावे, तपासावे आणि पुन्हा पाहावे.

स्वाध्याय

१. डीएन आणि पत्रावरील पत्ता यांतील साम्य स्पष्ट करा.
२. ‘अ‍ॅड’ आणि ‘रिप्लेस’ यांतील फरक पाठातील उदाहरणाच्या आधारे सांगा.
३. ‘आज्ञा यशस्वी होणे आणि काम बरोबर होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.’ आपल्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन या विधानाविषयी पाच-सहा ओळी लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तंतोतंत, मुभा, पडताळणी, डोळ्यांखालून घालणे.