दिवाबत्ती : सोडियमकडून एलईडीकडे

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, आणि मुंबईहून धावपटूंनी हातोहात आणलेली ज्योत. त्या ज्योतीची आठवण गाव अजून काढते. रस्त्यावरच्या दिव्याची मात्र आठवण कोणी काढत नाही. तो लागला नाही तरच बोलणे निघते.

नगरपालिकांच्या जमाखर्चात या बाबीचे नाव आजही ‘दिवाबत्ती’च आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यांवर उजेड करणे हे अनिवार्य कर्तव्य ठरवले. कर्तव्य अनिवार्य, पण बिल भरायला पैसा तुटपुंजा, ही लहान गावांची जुनी अडचण. थकबाकीपायी पथदिव्यांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एलईडीचा प्रश्न म्हणून आधी पैशाचा आहे, मग विज्ञानाचा.

हिशेब सोपा आहे. सोडियमचा 150 वॅटचा पिवळा दिवा चोकसकट सुमारे 170 वॅट वीज घेतो. रात्री अकरा तासांप्रमाणे वर्षाला सुमारे 680 युनिट झाले. त्याच्या जागी 90 वॅटचा चांगला एलईडी लावला तर 360 युनिट पुरतात. सोडियमचा दिवा कमी उजेड देतो असे नव्हे. पण तो चहूबाजूंना फेकतो, आणि त्यातला बराचसा फिटिंगच्या आतच मुरतो किंवा आभाळाकडे जातो. एलईडीचा उजेड एका दिशेने पडतो, म्हणून तो रस्त्यावर उतरवता येतो. शिवाय वीज क्षणभर जाऊन आली की सोडियमचा दिवा पुन्हा पेटायला काही मिनिटे घेतो. एलईडी लगेच लागतो.

आणखी एक लाभ आकड्यांत येत नाही. सोडियमच्या उजेडात लाल साडी आणि तपकिरी शाल सारखीच दिसते. रंग ओळखता आला की समोरचा माणूस ओळखता येतो. पहाटे बसथांब्यावर जाणाऱ्या मुलीला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

केंद्राने जानेवारी 2015 मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ईईएसएल या सरकारी उपक्रमाने खर्च करून दिवे बदलायचे आणि नगरपालिकेने विजेच्या बचतीतून तो वर्षानुवर्षे फेडायचा, अशी त्याची मांडणी. कल्पना उत्तम. मात्र जी पालिका मूळ बिलच भरत नव्हती, तिची बचत कागदावरच राहते. हप्ते थकले की दुरुस्तीही रेंगाळते.

दुरुस्तीचा मुद्दा खानदेशात जास्त बोचतो. एलईडीचे आयुष्य पन्नास हजार तास, म्हणजे बारा वर्षे, असे सांगतात. ते चिपचे झाले. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे आतली वीज नियंत्रित करणारी पेटी. तिच्यातले कपॅसिटर उष्णतेने लवकर आटतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. त्यात दाबाचे झटके. स्वस्तातली फिटिंग घेतली की दोन-तीन वर्षांत खांब पुन्हा अंधारतो. म्हणून निविदेत वॅटपेक्षा ड्रायव्हरचा दर्जा, झटकारोधक आणि हमीची वर्षे पाहायला हवीत. जुना चोक गावचा वायरमन बदलू शकत असे. ही पेटी अनेकदा अख्खी बदलावी लागते.

रंगाचेही तसेच. पणतीचा उजेड सुमारे 1900 केल्विनचा. बाजारातले ढणढणीत पांढरे दिवे 5700 ते 6500 चे. निळसर उजेड डोळ्यांत खुपतो, झोपेचे चक्र बिघडवतो आणि कीटकांना अधिक ओढतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये पथदिव्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याहून कमीची शिफारस केली. यावल-रावेरच्या केळीच्या बागा गावाला खेटून आहेत, तेव्हा फैजपूरसारख्या गावाने हा विचार आधी करावा. नव्या दिव्यांच्या उद्घाटनाला मात्र जो जास्त पांढरा, तोच जास्त भारी वाटतो.

आणि वेशीबाहेर? शेतीपंपांना रात्रपाळीची वीज आली की शेतकरी बांधावर जातो तो हातातल्या बॅटरीच्या उजेडात. शेवटचा खांब बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला मागेच राहिलेला असतो.