जी-वन, जी-टू, जी-थ्री: सिंगापूरच्या शाळेतलं बदललेलं गणित

आजचा विषय आहे गणित. घाबरू नका, पाढे म्हणायला लावणार नाही. पण ज्यांच्या घरात प्रायमरी फाइव्हपासून सेकंडरी थ्रीपर्यंतचं मूल आहे, त्यांनी चहाचा कप घेऊन जरा निवांत बसा.

गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद घेताना एका ताईंनी मला बाजूला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा, आमच्या मुलाला जी-टू दिलंय. म्हणजे तो मागे पडला का हो?" आवाज हळू होता, कारण शेजारी बाकीचे आईबाबा उभे होते. हाच प्रश्न आमच्याही घरात येऊन गेलाय, म्हणून आज तो सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात घेऊ या.

आधी थोडा इतिहास. १९७९ साली डॉ. गोह केंग स्वी यांच्या समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर सिंगापूरच्या शाळांमध्ये 'स्ट्रीमिंग' सुरू झालं. एकच अभ्यासक्रम सगळ्यांना झेपत नव्हता, बरीच मुलं शाळा सोडत होती. म्हणून एक्सप्रेस आणि नॉर्मल असे प्रवाह आले, पुढे नॉर्मलचे अकॅडमिक आणि टेक्निकल असे दोन भाग झाले. गळती कमी झाली, पण मुलांवर शिक्के बसले. एखाद्याचं गणित उत्तम आणि इंग्रजी कच्चं असलं तरी तो सगळ्याच विषयांत 'नॉर्मल' ठरायचा.

हे हळूहळू सैल झालं. २०१४ मध्ये १२ शाळांत काही विषय वरच्या पातळीवर घेण्याची मुभा मिळाली, २०१८ पासून ती इतर शाळांत पसरली. मार्च २०१९ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री ओंग ये कुंग यांनी संसदेत स्ट्रीमिंग बंद करणार असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये २८ शाळांत नवी पद्धत करून पाहिली आणि २०२४ साली सेकंडरी वनमध्ये आलेल्या मुलांपासून ती लागू झाली. तिचं नाव 'फुल सब्जेक्ट-बेस्ड बँडिंग'.

आता यातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

पहिली गोष्ट पोस्टिंग ग्रुप. पीएसएलईच्या चार विषयांचे एएल मिळून जो आकडा येतो, त्यावरून ग्रुप ठरतो. लहान आकडा म्हणजे चांगला निकाल. ४ ते २० असेल तर ग्रुप थ्री. २१ किंवा २२ असेल तर टू किंवा थ्री, निवड पालकांची. २३ आणि २४ म्हणजे ग्रुप टू. २५ ला पुन्हा निवड, वन किंवा टू. त्यापुढे ३० पर्यंत ग्रुप वन, पण त्यासाठी इंग्रजी आणि गणितात किमान एएल ७ हवा. या ग्रुपचा उपयोग शाळेत प्रवेश देताना आणि सुरुवातीला विषयांची पातळी ठरवताना होतो. वर्ग मात्र मिसळलेले असतात. चित्रकला, संगीत, पीई, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी यांसारखे विषय सगळी मुलं एकत्र शिकतात.

दुसरी गोष्ट विषयाची पातळी: जी-वन, जी-टू, जी-थ्री. जी म्हणजे जनरल. जी-थ्री साधारण जुन्या एक्सप्रेसच्या तोडीचं, जी-टू नॉर्मल अकॅडमिकच्या आणि जी-वन नॉर्मल टेक्निकलच्या. पातळी मुलाला चिकटत नाही, विषयाला चिकटते.

आमच्या धाकट्याचंच उदाहरण देतो, त्याची परवानगी घेऊनच. त्याचे एएल असे: गणित ४, इंग्रजी ५, विज्ञान ६ आणि हिंदी ७. बेरीज २२. हिंदीचं कारण तुम्हाला माहीत आहे. इथे मातृभाषा विषयात मराठी नाही, म्हणून आपली बरीच मुलं हिंदी घेतात आणि मग मराठीतलं नपुंसकलिंग हिंदीत कुठे ठेवायचं या विचारात गुण घालवतात.

२२ म्हणजे निवड आमची. मी एमबीए केलेला माणूस, म्हटलं 'थ्री' मिळतोय तर 'टू' का घ्यायचा? दोन रात्री घरात वाद झाला. शेवटी बायकोने कागद पुढे ठेवला आणि एकच ओळ दाखवली: ग्रुप वन किंवा टूमधल्या मुलाला स्टँडर्ड विषयात एएल ५ किंवा त्याहून चांगला असेल, तर तो विषय सेकंडरी वनपासूनच जी-थ्रीवर घेता येतो. म्हणजे ग्रुप टूमध्ये जाऊनही त्याचं गणित आणि इंग्रजी जी-थ्रीच राहणार होतं. विज्ञान आणि हिंदी जी-टूवर. ज्यात तो दमतो तिथे श्वास घ्यायला जागा, ज्यात रमतो तिथे पूर्ण वेग. मी गप्प बसलो. मी नावाकडे बघत होतो, ती विषयाकडे.

शिवाय ही पातळी चार वर्षांसाठी कोरलेली नसते. मुलाची प्रगती पाहून शाळा पुढे एखादा विषय वरच्या पातळीवर देऊ शकते, खालीही आणू शकते.

आता गणिताचा पुढचा रस्ता. सेकंडरी वन आणि टूमध्ये एकच गणित असतं. सेकंडरी थ्रीला दुसरा दरवाजा उघडतो: अॅडिशनल मॅथमॅटिक्स, मुलांच्या भाषेत ए-मॅथ. नेहमीचं गणित, म्हणजे ई-मॅथ, सुरूच राहतं; ए-मॅथ हा वेगळा, जास्तीचा विषय. त्यात लॉगॅरिदम, बहुपदी, पुढची त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलसची ओळख असते. तो जी-थ्रीला आहे, जी-टूलाही आहे. कोणाला द्यायचा हे शाळा सेकंडरी टूच्या निकालावरून ठरवते आणि प्रत्येक शाळेचे निकष वेगळे असतात.

ए-मॅथचं महत्त्व कळतं ज्युनियर कॉलेजमध्ये. तिथे गणित एच-वन आणि एच-टू अशा पातळ्यांवर असतं, आवड असणाऱ्यांसाठी काही ठिकाणी फर्दर मॅथही. एच-टूचा अभ्यासक्रम ए-मॅथ येतं हे गृहीत धरूनच सुरू होतो. म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या वाटेचा विचार असेल, तर सेकंडरी टूच्या शेवटी भरलेला फॉर्म पुढे पाच-सहा वर्षं बरोबर चालतो. आमच्या दहावीला गणित १५० गुणांचं होतं, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५, जवळपास सगळ्यांना तेच. गणित ठेवायचं की सोडायचं हा प्रश्न अकरावीला यायचा. इथे तो चौदाव्या वर्षी येतो.

परीक्षाही बदलते आहे. २०२४ ची ही मुलं २०२७ मध्ये ओ लेव्हल किंवा एन लेव्हल देणार नाहीत. सगळ्यांसाठी एकच प्रमाणपत्र असेल, सिंगापूर-केंब्रिज सेकंडरी एज्युकेशन सर्टिफिकेट, म्हणजे एसईसी. त्यावर प्रत्येक विषय आणि त्याची पातळी लिहिलेली असेल.

आणि इथे हिशेब नीट करा. २०२८ पासून ज्युनियर कॉलेजसाठी सहाऐवजी पाच विषय मोजले जातील आणि मर्यादा २० ऐवजी १६ असेल. हे पाचही विषय जी-थ्री पातळीचे लागतात. पॉलिटेक्निकसाठी मोजल्या जाणाऱ्या पाच विषयांपैकी एक जी-टूचा चालेल. याचा अर्थ, जी-टू कमीपणाचं नाही, पण फुकटही नाही. आमच्या मुलाला जेसीला जायचं असेल तर त्याच्याकडे पाच जी-थ्री विषय असायला हवेत. गणित आणि इंग्रजी झाले दोन. ए-मॅथ मिळालं तर तीन. उरलेले दोन कुठून येणार, हे आम्ही शाळेतल्या शिक्षकांबरोबर बसून मांडलं. पॉलीची वाट धरली तर तेच गणित बरंच सोपं होतं.

म्हणून शाळेच्या पालकसभेला जाल तेव्हा चार प्रश्न लिहून न्या. माझ्या मुलाचा कोणता विषय कोणत्या पातळीवर आहे? वरच्या पातळीवर जायला कधी आणि किती गुण लागतात? ए-मॅथसाठी तुमच्या शाळेचा निकष काय? आणि आताच्या विषयांवर कोणत्या वाटा उघड्या राहतात, कोणत्या बंद होतात?

नुकतेच पुण्याहून, नाशिकहून आलेल्या मंडळींसाठी एक गोष्ट. परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी शाळेत प्रवेशासाठी एईआयएस परीक्षा द्यावी लागते, त्यात इंग्रजी आणि गणित हे दोनच विषय असतात. आपल्या मुलांना आकडेमोड येते. अडतं ते शाब्दिक उदाहरणांच्या इंग्रजीत. तयारी तिथून करा.

त्या ताईंना मी त्या दिवशी उलट विचारलं, "कुठल्या विषयात जी-टू?" त्या म्हणाल्या, "विज्ञानात." "आणि गणितात?" "गणित जी-थ्री आहे." मग त्याच हसल्या. मुलगा मागे मोदक खात उभा होता, सगळं ऐकत होता. मंडळी, आपण कुजबुजतो ना, ते मुलांना सगळ्यात मोठ्याने ऐकू जातं. शाळेने शिक्का काढून टाकलाय, तो आपण घरी परत मारायला नको.

शाळांचे नियम वर्षागणिक थोडे बदलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी शिक्षण मंत्रालयाची ताजी माहिती एकदा पाहाच.