पाच मायक्रोजूल आणि चाळीस जूल

मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय दिवसाला १,०३,६८० वेळा आकुंचन पावतं. दहा वर्षांत हा आकडा ३७ कोटी ८० लाखांच्या पुढे जातो. यातला एकूण एक ठोका पेसमेकरने दिला, तरी ठोक्यामागे लागते साधारण पाच मायक्रोजूल ऊर्जा: अडीच व्होल्ट, तेही सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरते. दहा वर्षांची बेरीज भरते १,९०० जूल. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर जेमतेम साडेतीन मिनिटं चालेल!

पेसमेकरचाच भाऊबंद म्हणजे आयसीडी, शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर. हृदय नुसतं थरथरू लागलं की तो ४० जूलपर्यंतचा झटका देतो. पेसमेकरच्या ८० लाख ठोक्यांची, म्हणजे अडीच महिन्यांची ऊर्जा एक-दोन शतांश सेकंदात.

देगलूर-उदगीरकडची माणसं मोठ्या दुखण्याला आजही हैदराबाद गाठतात. तिथल्या आयसीयूत रक्तदाब कोसळलेल्या अशा एखाद्या पेशंटला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, टाकायची असते आणि कॉलरबोनखाली पेसमेकरची किंवा आयसीडीची डबी हाताला लागते. मग सेंटिमीटरचा हिशेब सुरू होतो. हृदयात उतरणारी वरची महाशीर सुमारे सात सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद. तिच्यात दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एक-दोन लीड, म्हणजे डबीतून हृदयात गेलेल्या वायरी, आधीच बसलेल्या. त्यांच्या शेजारून सव्वादोन मिलिमीटरचा कॅथेटर न्यायचा. मानेच्या उजव्या शिरेतून त्याला १५-१६ सेंटिमीटर पुरतात, पण ज्या तारेवरून तो सरकवतात ती गाइडवायर असते ६० सेंटिमीटरची. बऱ्याच तारांवर १० सेंटिमीटरला एक रेघ, २० ला दोन, ३० ला तीन रेघा असतात. दोन रेघा कातडीशी आल्या की हात थांबलाच पाहिजे. माझ्या मते या सगळ्या कामात याहून मोठं कौशल्य नाही.

कारण आयसीडी मिलिव्होल्टच्या अंशाएवढ्या लहरी ऐकतो. तार लीडला घासली तर त्या खरखरीला तो हृदयाची थरथर समजू शकतो, आणि जागा असलेला माणूस विनाकारण ४० जूल सोसतो. लीड काही आठवड्यांपूर्वीचीच असेल तर ती मांसात धरलेली नसते. धक्क्याने सुटू शकते. सगळे ठोके पेसमेकरवर असलेल्या माणसाचं हृदय तेव्हा थांबूही शकतं. लीड बहुधा डाव्या बाजूने घातलेल्या असतात, तिथली शीर कालांतराने अरुंद होऊ शकते. म्हणून मानेची उजवी बाजू, आणि सोनोग्राफीखाली.

या थरथरीशी हैदराबादचं नातं जुनं आहे. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशाने इथे क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन कमिशन बसली. शेकडो जनावरांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. पण १९११ मध्ये संशोधक गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदय थरथरून एकदम बंद पडू शकतं. त्या थरथरीवरचा पहिला आयसीडी माणसात बसायला १९८० उजाडलं.

लाइन टाकताना आयसीडीवर गोल चुंबक ठेवतात. झटका बंद होतो, ठोके देणं चालू राहतं. तेवढा वेळ पेशंटला आतलं संरक्षण नसतं, म्हणून बाहेरच्या डिफिब्रिलेटरचे पॅड आधीच छातीवर चिकटवायचे. पेसमेकरवर तोच चुंबक वेगळंच करतो: बहुतेक पेसमेकर मग हृदयाचं न ऐकता ठरलेल्या गतीने ठोके देत राहतात. डबी कोणती आणि लीड कधीची, हे पेशंटजवळच्या कार्डावर असतं. नातेवाइकांनी ते फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावं.