एक घराणं, पण आई एकच का? अरबी घोड्यांकडून शिकलेला पुराव्याचा धडा



पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी एका सेमिनारमध्ये अरबी घोड्यांवरचा एक शोधनिबंध मांडला होता. शेवटच्या स्लाईडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बेदुइनांच्या वंशावळी खोट्या ठरल्या.' गाईडनी एकच प्रश्न विचारला, "हे वाक्य निबंधात नेमकं कुठे आहे?" मी पानं चाळत राहिले. ते वाक्य कुठेच नव्हतं. उलट, निबंधात जवळजवळ विरुद्ध गोष्ट लिहिलेली होती. माझी नेमकी चूक काय झाली, ते आज सांगते. रिसर्चची तयारी करताना ती तुमच्याकडूनही होऊ शकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अरबस्तान आणि सीरियाच्या वाळवंटात बेदुइन टोळ्यांनी घोड्यांची पैदास केली. तिथे जन्मलेल्या घोड्यांना 'वाळवंटी पैदाशीचे' म्हणतात. शुद्ध घोड्यासाठी शब्द आहे 'असील'. आपला 'अस्सल' त्याच अरबी मुळातून आला. घोडा विकताना टोळीतले जाणते लोक साक्षीनिशी त्याचा वंश लिहून देत. त्या दाखल्याला 'हुज्जा' म्हणत, म्हणजे पुरावा. आपण 'हुज्जत घालतो', ती इथलीच!

त्या दाखल्यात महत्त्वाचं असे घराणं, अरबीत 'रसन'. या शब्दाचा मूळ अर्थ दावं, म्हणजे जनावर बांधायचा दोर. कुहैलान, सक्लावी, उबय्यान, हमदानी, हदबान ही पाच नावं सर्वात प्रसिद्ध आहेत. शिंगराला घराणं मिळे ते आईचं. बाप कितीही नावाजलेला असला तरी सक्लावी घोडीचं शिंगरू सक्लावीच.

इथे जनुकशास्त्राचा विद्यार्थी कान टवकारतो. कारण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएसुद्धा फक्त आईकडूनच येतो. म्हणजे बेदुइनांचा नियम आणि निसर्गाचा नियम एकाच वाटेने चालतात. मग सरळ तपासता येईल असा प्रश्न तयार होतो: एका घराण्याचे सगळे घोडे एकाच मूळ घोडीचे वंशज आहेत का?

अमेरिकेत ॲन बोलिंग आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे पाहिलं. त्यांनी 62 घोडे तपासले. आईच्या बाजूने मागे गेल्यावर या घोड्यांची वंशावळ 34 घोड्यांशी, म्हणजे माद्यांशी, पोचत होती. या माद्या प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अखेरपर्यंत बेदुइनांकडून घेतलेल्या. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधला 397 अक्षरांचा तुकडा वाचल्यावर 27 वेगवेगळे नमुने सापडले.

आता निष्कर्ष नीट बघा, कारण ते दोन आहेत.

पहिला: 14 मातृवंशांमधून एकापेक्षा जास्त घोडे तपासले होते. त्यांचे नमुने आपापल्या वंशात जुळले. दोन वंशांत एकेका अक्षराचा फरक निघाला, पण त्याचंही जैविक स्पष्टीकरण देता आलं. म्हणजे पैदास-वह्यांमधली आईकडची नोंद भरवशाची ठरली.

दुसरा: एकाच घराण्याचं नाव लावणाऱ्या घोड्यांचा मातृवंश एकच असतो, हे पारंपरिक गृहीतक मात्र संशयात आलं.

मी पहिला निष्कर्ष गाळला आणि दुसरा ताणला. 'ही घोडी त्या घोडीची मुलगी' हा एक दावा. 'या नावाच्या सगळ्या घोड्या एकाच आदिमातेच्या' हा वेगळा दावा. दुसरा डळमळला म्हणून पहिला पडत नाही. समजा, एका गावातल्या शिंदे आडनावाच्या दोन कुटुंबांचा मूळपुरुष एक नाही असं निघालं, तर कोणाचा जन्मदाखला खोटा ठरतो का?

मग एका नावाखाली वेगवेगळे वंश आले कसे? सुरुवातीलाच एकाहून जास्त घोड्यांना ते नाव मिळालं असेल, मध्येच कुठे नाव बदललं असेल, किंवा विक्रीच्या वेळी चुकीचं सांगितलं गेलं असेल. यातलं खरं कोणतं, हे मायटोकॉन्ड्रिया सांगू शकत नाही. शिवाय उलटा तर्कही चालत नाही. दोन घोड्यांचा नमुना सारखा निघाला, तर त्यांची समान आई घराण्यांची नावं पडण्याच्या कितीतरी आधीची असू शकते. ठळकपणे वेगळा नमुना आईकडचं थेट नातं नाकारतो. सारखा नमुना नातं सिद्ध करत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

हा फक्त तर्काचा खेळ नाही. यावर लोक घोडे निवडतात. दहा पिढ्या मागे गेलात तर वंशावळीत 1024 जागा असतात. आईची-आईची-आई असं जात घराण्याचं नाव पोचतं त्यातल्या फक्त एका जागेवर. बांधा, चाल, दमसास हे जवळजवळ सगळं उरलेल्यांच्या मेळातून ठरतं. आजारांचंही तसंच. अरबी घोड्यांत 'सिड' नावाचा जीवघेणा आनुवंशिक आजार आहे, त्यात शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते. 1997 साली कळलं, की एका जनुकातली पाच अक्षरं गळल्यामुळे तो होतो. आईबाप दोघेही निरोगी पण वाहक असले, तर प्रत्येक शिंगराला धोका चारात एक. हे जनुक केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतं. ते ना हुज्जा दाखवतो, ना मायटोकॉन्ड्रिया. त्यासाठी त्याच जनुकाची चाचणी करावी लागते. वाहक ओळखले की वाहक-वाहक जोडी टाळता येते आणि चांगला वंशही टिकवता येतो.

एक उदाहरण आपल्याकडचं. एकोणिसाव्या शतकात आखातातून जहाजं भरून अरबी घोडे मुंबईच्या बाजारात येत. पण बेदुइन घोड्या सहसा विकत नसत, त्यामुळे येणारे बहुतेक नर. आता तुम्ही भारतीय घोड्यांचा फक्त मायटोकॉन्ड्रिया तपासलात आणि अरबी खूण दिसली नाही, तर 'अरबी रक्त इथे आलंच नाही' असं लिहाल का? नराचा मायटोकॉन्ड्रिया पुढच्या पिढीत जातच नाही! तिथे वाय गुणसूत्र किंवा संपूर्ण जीनोम बघायला हवा.

म्हणून शोधनिबंध वाचताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा: काय मोजलं, कोणता दावा तपासला, आणि कोणता दावा तपासलाच नाही. बोलिंग यांच्या अभ्यासात अमेरिकेत वंश टिकलेले घोडे होते, वाळवंटातले सगळे नव्हेत. ही मर्यादाही तिसऱ्या रकान्यात जाते.

मी ती स्लाईड डिलीट केलेली नाही. नवीन प्रेझेंटेशन करायला बसले की आधी ती उघडते, आणि मगच शेवटचं वाक्य लिहिते.

तुमच्या विषयातला असा ताणलेला निष्कर्ष सापडला का? कमेंटमध्ये नक्की लिहा.