आठवीला कुठं घालायचं?

बसवकल्याण तालुक्यातलं कोहिनूर हे होबळीचं गाव, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत महसुली मंडळाचं ठिकाण. जिल्हा बिदर, पण शेजारी कलबुर्गी जिल्ह्याचा आळंद तालुका, आणि बसवकल्याणहून पश्चिमेला निघालं की महाराष्ट्रातला उमरगा. या टापूत एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू येते. तांड्यावर गेलं की लमाणी. घराघरातली भाषा वेगळी असली तरी पोर सातवीत गेलं की आईबापांचा प्रश्न एकच असतो: आठवीला कुठं घालायचं?

हा प्रश्न ज्या शाळेतून निघतो तिचं सरकारी नाव ‘सरकारी हिरिय प्राथमिक शाळा’. बोलताना सगळे एच.पी.एस. म्हणतात. पहिली ते पाचवीची ती एल.पी.एस., पहिली ते सातवीची ती एच.पी.एस.; काही ठिकाणी तिला आठवीही जोडलेली असते. हायस्कूल आठवी ते दहावी. शाळांची तुलना निघाली की दहावीचा निकाल पुढे केला जातो. उडुपी, दक्षिण कन्नड वरच्या रांगेत, कलबुर्गी, यादगीर तळाला, ही बातमी बहुतेक उन्हाळ्यांत येते आणि हायस्कूलच्या मास्तरांना बोल लावून विषय संपतो. माझं म्हणणं असं की दहावीचा निकाल बराचसा सहावी-सातवीतच ठरलेला असतो. म्हणून तुलना करायचीच तर या मधल्या शाळांची करावी, आणि नीट करावी.

इथल्या मातीत ही तुलना करायला इतिहासानेच सोय करून ठेवली आहे. हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भालकी आणि औरादही त्यातच. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि जिल्हा तीन वाटांनी फुटला. मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेडचा तेलुगू भाग आंध्रात आणि उरलेला बिदर म्हैसूर राज्यात गेला. कालपर्यंत एका जिल्ह्यातली असलेली पोरं तीन सरकारांच्या शाळांत बसू लागली. उरलेल्या बिदरमध्ये औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी बोलणारी गावं राहिली आणि त्यांच्यासाठी सरकारी मराठी शाळाही राहिल्या. कर्नाटक सरकार आजही मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं छापतं, दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. सीमाप्रश्नाच्या भाषणांत ही गोष्ट क्वचित सांगितली जाते, पण ती खरी आहे आणि सांगायला हवी.

मग अडतं कुठे? कागदावर फारसं अडत नाही, आणि गोम तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीसाठी त्यात दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक धरला आहे. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक स्वतंत्र शिक्षक हवा असंही त्यात लिहिलं आहे. तपासणीला येणारा माणूस पहिली अट मोजतो, कारण ती भागाकाराने मोजता येते. समजा, एका शाळेत पहिली ते सातवी मिळून ४० मुलं आहेत आणि दोन शिक्षक. भागाकार येतो २०, म्हणजे उत्तम शाळा! तालुक्याच्या गावातल्या मोठ्या शाळेत तोच आकडा ३५ येतो, म्हणजे ही मागे. प्रत्यक्षात काय घडतं ते खिडकीतून पाहावं. दोन गुरुजींपैकी एकाकडे मुख्यगुरूचं काम. पोषण आहाराची नोंद, युडायसची माहिती, बी.ई.ओ. म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसची बैठक, सी.आर.पी.ने म्हणजे केंद्राच्या साधनव्यक्तीने मागितलेला तक्ता. उरलेला एकजण सात इयत्तांपुढे उभा. तो पाचवीला फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगून सहावीकडे वळतो, तोवर पहिलीतलं पोर रडायला लागलेलं असतं. गणित ज्यांना जमतं असे गुरुजी मिळाले तर वर्गाचं नशीब. नाहीतर व्यवहारी अपूर्णांकांचं प्रकरण वाचून पुढे ढकललं जातं. रिकाम्या जागी दरवर्षी अतिथी शिक्षक नेमतात. ते मनापासून शिकवतात, पण पुढच्या जूनमध्ये आपण इथेच असू याची त्यांना खात्री नसते.

मराठी शाळांत ही अडचण आणखी घट्ट होते. कन्नड माध्यमाच्या शाळेत जागा रिकामी झाली तर शेजारच्या शाळेतला शिक्षक काही दिवस पाठवता येतो. मराठीतून विज्ञान शिकवणारा शिक्षक पाठवायचा तर तो तालुक्यात असायला हवा. उर्दू शाळांचंही हेच दुखणं आहे. म्हणून माध्यमामाध्यमांत स्पर्धा लावून ‘कोण पुढे, कोण मागे’ अशी यादी करणं मला अन्यायाचं वाटतं. कन्नड शाळा पुढे दिसली तर ते भाषेचं यश असेलच असं नाही. तिथे विषयाला शिक्षक आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

सहावीतल्या पोराचं दप्तर एकदा उघडून पाहा. मराठीची वही देवनागरीत, कन्नडची गोलसर वळणाच्या अक्षरांत, इंग्रजीची चार रेघांची. कर्नाटकाने २०१५ मध्ये कायदा करून सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं केलं. सरकारी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, ते २००७ पासून. अकरा-बारा वर्षांच्या लेकराला तीन लिप्या पेलतात, आणि चांगल्या पेलतात. या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे. पण सातवीनंतर दाखला घेऊन ते कन्नड हायस्कूलला गेलं की फळ्यावर अपूर्णांकाच्या जागी ‘भिन्नराशी’ येतं, प्रकाशसंश्लेषणाच्या जागी ‘द्युतिसंश्लेषणे’. कन्नड विषय म्हणून शिकणं आणि कन्नडमधून विज्ञान शिकणं यात मोठी दरी आहे. ती दरी ओलांडायला शाळेने मदत केली, तर पोर टिकतं. नाही केली, तर नववीत नाव गळतं, आणि त्याचा दोष सातवीपर्यंत शिकवणाऱ्या शाळेच्या खात्यावर कधीच लिहिला जात नाही.

दुसरी वाट सीमेपलीकडची. उमरगा, निलंगा, उदगीर, पुढे लातूर. नातेवाईक आहेत, सोयरीक आहे, भाषा आपली आहे. पण तिकडे पाठवताना बापाच्या मनात हिशोब असतो. २०१२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आलं आणि बिदर-कलबुर्गीसह या भागातल्या स्थानिकांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड यावंच लागतं. तेव्हा पोरगा लातूरला हुशार झाला तरी इकडच्या जागांसाठी कमी पडेल का, ही भीती खोटी म्हणता येत नाही. मुलीच्या बाबतीत तर हिशोब इथपर्यंत येतच नाही. हायस्कूल एसटी-बसच्या अंतरावर असलं की ‘पोरगी एवढ्या लांब कशी पाठवायची’ यावर बोलणं थांबतं.

तुलना नीट कशी करावी याचा धडा याच भागातल्या जेवणाच्या ताटाने दिला आहे. कर्नाटकातला शाळेचा गरम जेवणाचा कार्यक्रम, इथली बिसी ऊट, २००२ मध्ये राज्याच्या ईशान्येकडच्या ज्या सात जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत बिदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) होते. डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गी, यादगीर आणि आसपासच्या जिल्ह्यांत ताटात अंडं आलं. न खाणाऱ्याला केळं. काही मठाधीशांनी कडाडून विरोध केला. तेव्हा अंडं मिळणाऱ्या यादगीरच्या मुलांची आणि न मिळणाऱ्या गदगच्या मुलांची वजनं-उंच्या काही काळाच्या अंतराने मोजली गेली. यादगीरच्या मुलांची वाढ जास्त भरली. पुढे अंडं राज्यभरच्या शाळांत गेलं. इथे कोणी ‘यादगीरची मुलं गदगपेक्षा बारीक’ असं म्हणून त्यांना खालचा नंबर दिला नाही. सुरुवातीला मूल कुठे होतं आणि नंतर कुठे पोचलं, हे पाहिलं.

शाळेला हीच मोजपट्टी लावा. सहावीत येताना किती मुलांना सलग परिच्छेद वाचता येत होता, भागाकार जमत होता? सातवी सोडताना किती जणांना जमतो? आणि त्यातली किती मुलं त्याच जूनमध्ये आठवीच्या वर्गात खरोखर बसली? तांड्यावरचं, आईबाप ऊसतोडीला गेलेलं लेकरू घेऊन त्याला दोन वर्षांत वाचतं करणारी शाळा आणि आधीच वाचता येणाऱ्या मुलांना पुढे सरकवणारी शहरातली शाळा यांत मी पहिलीला वरचा मान देईन, दुसरीचा निकाल कितीही चकचकीत असो.

हे मोजायला नवा विभाग नको. दाखल्याची नोंद मुख्यगुरूंच्या कपाटात असते, आठवीचा प्रवेश हायस्कूलच्या रजिस्टरात असतो; दोन्ही एकाच बी.ई.ओ.च्या हाताखाली. जूनअखेर ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवून गळालेली नावं वाचायची आणि गावच्या एस.डी.एम.सी.पुढे, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीपुढे ठेवायची. पालकांनीही हाच आग्रह धरावा. एस.डी.एम.सी.ची बैठक बहुधा रंगरंगोटी आणि कंपाउंडच्या भिंतीवर संपते. तिथे उभं राहून विचारावं: गणिताला कोण आहे, कन्नडचा वेगळा तास होतो का, मागल्या वर्षीच्या सातवीतली मुलं आज कुठे आहेत? आणि जिथे मराठी एच.पी.एस.ला पट आहे पण जवळ मराठी हायस्कूल नाही, तिथे आठवीचा वर्ग जोडून मागावा आणि त्यासोबत विज्ञान-गणिताचा पदवीधर शिक्षकही लेखी मागावा, कारण नुसता वर्ग जोडला तर त्याच दोन गुरुजींपुढे आठवी इयत्ता येऊन बसेल.