लाख, लखोटा आणि एक सावधगिरीची सूचना

जुन्या कागदांच्या याद्यांत ‘मेणाची मोहर’ हे शब्द आमच्या वारंवार दृष्टीस पडतात. त्यांपैकीं पुष्कळ मोहरा मेणाच्या नसून लाखेच्या असतात. हा भेद केवळ शब्दाचा नाहीं. मोहरेचें रक्षण त्यावर अवलंबून आहे.

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुंब इत्यादि वृक्षांच्या कोंवळ्या फांद्यांचा रस शोषून एक सूक्ष्म कीटक आपल्या अंगाभोंवतीं जें राळेचें कवच निर्माण करितो, ती लाख. तें खरवडून धुतलें म्हणजे तांबडा रंग पाण्यांत उतरतो व राळ मागें राहते. रंगाचा अलक्तक, म्हणजे आपला अळिता, होई. राळेच्या बांगड्या व मोहरा. लाखेनें रंगविलेलें तें ‘लाक्षिक’ व लाखेचें बनविलेलें तें ‘जातुष’, अशीं दोन्ही रूपें पाणिनीनें साधून दिलीं आहेत. महाभारतांतील जतुगृह तर सर्वांस ठाऊकच आहे.

आपल्या विषयाशीं निकट असा उपयोग शाईचा. पोथ्यांच्या काळ्या शाईच्या कांहीं जुन्या कृतींत लाख टाकणखार घालून पाण्यांत उकळावी व त्या रसांत काजळ खलावें असें सांगितलें आहे. नुसत्या पाण्यांत लाख विरघळत नाहीं, क्षारयुक्त पाण्यांत विरघळते. टाकणखाराचें प्रयोजन हेंच. लखोटा हा शब्दही लाखेवरून आला असें मानतात. युरोपांत मध्ययुगीन मोहरा मधमाश्यांच्या मेणाच्या असत. १६ व्या शतकापासून हिंदुस्थानांतून गेलेली लाख हिंगुळासह तेथें वापरांत आली, परंतु नांव मेणाचेंच राहिलें. आपल्या याद्यांतील घोंटाळा तेथूनच आला असावा.

आतां सूचना. लाख मद्यार्कांत विरघळते. हें ठाऊक असूनही आम्हीं एकदां एका पत्रावरील मोहर स्पिरिटच्या बोळ्यानें पुसली, आणि नांवांतील दोन अक्षरें कापसावर तांबडा डाग होऊन उतरलीं. तीं आतां कोणासही वाचतां येणार नाहींत. धूळ कोरड्या, मऊ कुंचल्यानेंच झाडावी. मोहर कशाची हें पाहणेंच असल्यास आपोआप गळलेला कण स्पिरिटांत टाकावा. लाख विरघळूं लागते, मेण तसेंच राहतें. लाख ठिसूळ खरी, पण उष्णतेनें मऊ होते. वैशाखांत पत्र्याच्या पेटींत दप्तरांच्या भाराखालीं मोहर दबते व वरचा कागद तिला चिकटतो. असा कागद ओढून सोडवूं नये. आमच्या संग्रहांतील अशीं दोन पत्रें आम्हीं जोडलेलींच ठेविलीं आहेत.